मामंजींचं पंचवीस बोअर

गेल्या वर्षी मामंजी गेले. सुतक फिटल्यावर त्यांचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. बँकेची पासबुकं, सराफ्यातल्या दुकानाच्या लाल वह्या, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांच्या तळाशी मलमलीच्या रुमालाची एक गुंडाळी. त्यात त्यांचं पिस्तूल होतं.

घरात ते आहे हे मला लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून माहीत होतं. पण इतक्या वर्षांत मी ते एकदाही हातात घेतलं नव्हतं. आमच्या ह्यांनी ते उघडून रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, तेव्हा कुठे मी ते उचललं आणि सवयीनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. साडेतीनशे ग्रॅमही भरलं नाही! लांबी माझ्या तळहाताहून कमीच. बाजूला इंग्रजीत कोरलेलं होतं: वेब्ली अँड स्कॉट, आणि पुढे .२५.

लायसन्स मामंजींच्या नावावर होतं. माणूस गेला की त्याचं लायसन्सही संपतं. मग वारसांनी हत्यार ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करायचं, नाहीतर आपल्या नावावर नवं लायसन्स मागायचं. घरात लगेच तीन मतं झाली. मुलगा म्हणाला, आजोबांची आठवण आहे, ठेवू या. हे म्हणाले, कलेक्टर ऑफिसच्या चकरा कोण मारणार, देऊन टाका. आणि भाऊजींनी तिसरंच काढलं. आमच्या कॉलनीत दिवाळीच्या आधी दोन घरफोड्या झाल्या होत्या. "वहिनी, तुम्ही आणि आई दुपारभर घरात एकट्या असता. लायसन्स तुमच्या नावावर काढा. हे खेळणं विकून टाका आणि एखादं चांगलं बत्तीस बोअर घ्या."

मी हसण्यावारी नेलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत दुपारी दाराची बेल वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून मी आणि हे शहरातल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचे. त्यांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "मैडम, पच्चीस की गोली अब कहाँ मिलती है? बत्तीस बोलो तो बात करें।"

हत्यार धडधाकट, पण त्याला गोळी मिळत नाही! साडीच्या काठाची फॅशन जाते, भांड्यांचे घाट बदलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पिस्तुलाच्या आकड्याचीही फॅशन जाते, हे मला नवीन होतं. तिथून माझं वाचन सुरू झालं. मी कला शाखेची, इतिहास घेऊन पदवीधर झालेली. बंदुकांचं यंत्रशास्त्र मला कितपत कळणार, असं वाटलं होतं. पण वाचता वाचता लक्षात आलं, की हा इतिहास यंत्राचा कमी आणि माणसांच्या भीतीचा जास्त आहे.

आधी आकडा समजून घेऊ. आपण बोलताना 'पंचवीस बोअर' म्हणतो. म्हणजे एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातल्या पंचवीस भागांएवढी गोळीची जाडी. मिलिमीटरमध्ये ६.३५. बत्तीस म्हणजे ७.६५ मिलिमीटरच्या आसपास. जाडीतला फरक चिमूटभर, पण वजनात तो वाढत जातो. सराफाच्या घरात तोळ्याशिवाय हिशेब समजत नाही, म्हणून तोळ्यातच सांगते. पंचवीसच्या पिस्तुलाची गोळी सव्वातीन ग्रॅमची, म्हणजे पाव तोळ्याहून जराशी जास्त. बत्तीसच्या पिस्तुलाची साडेचार ग्रॅमच्या थोडी पुढे. सैन्यातली नऊ मिलिमीटरची साडेसात ग्रॅमच्या आसपास, आणि जुन्या अमेरिकन लष्करी पंचेचाळीसची जवळजवळ पंधरा ग्रॅम, म्हणजे सव्वा तोळा. पाव तोळ्यानं माणूस मरत नाही असं नाही. मरतो. पण लागलीच थांबेल याची खात्री नसते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

खिशातल्या पिस्तुलाची गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या एका कारागिरापासून सांगतात. हेन्री डेरिंजर त्याचं नाव. मुठीत मावणारं, एकाच गोळीचं पिस्तूल तो बनवायचा. त्याची इतकी नक्कल झाली, की त्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं घालून लोकांनी त्याचं सामान्यनामच करून टाकलं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात नाटक चालू असताना जॉन विल्क्स बूथ नावाच्या नटानं असंच पिस्तूल खिशातून नेलं आणि अब्राहम लिंकनच्या डोक्यात मागून गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले.

पण मामंजींच्या पिस्तुलाचा खरा मूळपुरुष म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग. १८५५ साली यूटामधल्या ऑग्डनला जन्मलेला, बापही बंदुका बनवणारा. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर पडावं आणि पुढचं आपोआप नळीत यावं, अशी पिस्तुलं त्यानं आखली. युरोपसाठी ती बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हेर्स्तालच्या कारखान्यात बनली, अमेरिकेसाठी हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीत. त्यांच्यासाठी त्यानं काडतुसंही नवी आखली. १८९९ च्या सुमाराला बत्तीस, १९०५ च्या सुमाराला पंचवीस, १९०८ साली तीनशेऐंशी, म्हणजे नऊ मिलिमीटरचं आखूड काडतूस. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' म्हणजेच पिस्तूल, असा शब्द होऊन बसला. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनंही मग पंचवीसची छोटी पिस्तुलं काढली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत विकली. मामंजींचं त्यातलंच. ते त्यांच्याकडे १९६३ साली सेकंडहँड आलं.

बावीसची गोळी त्याआधीपासून होती आणि स्वस्तही होती. मग पंचवीस कशाला? तर बावीसच्या काडतुसात पेट घेणारी दारू बुडाच्या कडेला पसरलेली असते. एखाद्या ठिकाणी ती नीट पोचली नाही, तर चाप ओढूनही आवाज येत नाही. पंचवीसमध्ये ती बुडाच्या बरोबर मध्यभागी ठेवली, म्हणून भरवसा वाढला. ताकद दोघींची जवळपास सारखीच. म्हणजे पंचवीसचा जन्मच मुळी जोरासाठी नव्हता, ऐनवेळी दगा होऊ नये यासाठी होता.

या पिस्तुलांना इंग्रजीत नाव होतं 'व्हेस्ट पॉकेट', म्हणजे कोटाच्या आतल्या जाकिटाचा खिसा, ज्यात घड्याळ ठेवायचं. मामंजी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. दुकानाची रक्कम घेऊन देवास-उज्जैनला एसटीनं जावं लागे, रात्रीचा रस्ता आणि लुटीच्या बातम्या. आता मैत्रिणींनो, एक गोष्ट लक्षात घ्या. खिशातलं पिस्तूल म्हटलं की आधी खिसा पाहिजे. तो पुरुषाच्या कपड्याला असतो. आपल्या लुगड्याला कुठला खिसा? केळ्यात अडकवलेली चंची, नाहीतर कमरेची पिशवी. तिकडच्या बायकांचीही तीच गत. म्हणून त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधली गेली. थंडीत हात ऊबदार ठेवायला त्या केसाळ कातड्याची एक नळी वापरत, दोन्ही बाजूंनी हात आत घालायचे. तिला 'मफ' म्हणत. त्यात मावणारं ते 'मफ पिस्तूल'. पुढे हातातली पर्स आली.

जाहिराती मात्र थेट बायकांच्या भीतीला हात घालणाऱ्या. १९१० नंतरच्या अमेरिकन मासिकांत सॅव्हेज कंपनीच्या बत्तीसच्या पिस्तुलाच्या जाहिराती येत. नवरा गावाला गेला आहे, बाई घरात एकटी आहे, खिडकीशी खुट्ट झालं आहे, पण उशाशी पिस्तूल असल्यामुळे ती निर्धास्त आहे. आयव्हर जॉन्सन कंपनीची एक जाहिरात त्याआधीची. पलंगावर झोपायच्या कपड्यातली छोटी मुलगी, जवळ बाहुली, आणि हातात रिव्हॉल्वर. बाबांनी सांगितलंय की यानं आपल्याला काही होत नाही, असं ती सांगते आहे. हे चित्र पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. का, ते शेवटी सांगते.

कोल्टनं पंचवीसची छोटी पिस्तुलं १९०८ ते १९४८ या काळात चार लाखांहून अधिक विकली. त्यातली बहुतेक ड्रॉवरमध्ये, कपाटात, उशाखाली पडून राहिली असणार. मामंजींचंही राहिलं. पण जी खिशातून बाहेर आली, त्यांनी काय केलं?

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद नाट्यगृह. कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी 'संगीत शारदा'चा प्रयोग. औरंगाबादला शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंग. लंडनच्या इंडिया हाऊसमधून सावरकरांनी अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली होती. एका पेटीच्या तळाशी वीस पिस्तुलं मावली ती त्यांच्या लहानपणामुळेच. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले.

२८ जून १९१४. साराजेव्हो. गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या मुलानं ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची बायको सोफी यांना मारलं. पिस्तूल पुन्हा ब्राउनिंगच्या आखणीचं, हेर्स्तालच्या कारखान्यातलं, तीनशेऐंशीचं. त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं.

१७ डिसेंबर १९२८. लाहोर. साँडर्सवर भगतसिंगांनी चालवलेलं पिस्तूल बत्तीसचं कोल्ट, ते ब्राउनिंगचंच काम. आणि याचा शेवट मला घराशेजारी सापडला! ते पिस्तूल १९६९ साली पंजाबातल्या फिल्लौरहून आमच्या इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रात आलं आणि तिथल्या संग्रहालयात इतर हत्यारांबरोबर, गंजू नये म्हणून काळा रंग फासलेलं, कित्येक वर्षं पडून होतं. कोणाला पत्ता नाही. रंग खरवडून क्रमांक जुळवला तेव्हा कळलं: १६८८९६. २०१७ साली ते हुसैनीवालाला गेलं. म्हणजे मी लग्न होऊन आले, भाजी आणली, मुलांना शाळेत सोडलं, त्या सगळ्या काळात ते इथेच होतं. चंद्रशेखर आझादांचं कोल्टही बत्तीसचंच. ते अलाहाबादच्या संग्रहालयात आहे.

आणि बायका? त्याही आहेत. १४ डिसेंबर १९३१ रोजी बंगालमधल्या कोमिल्ला गावात शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुली, एक पंधरा वर्षांची, एक चौदा, पोहण्याच्या कार्यक्रमासाठी अर्ज घेऊन आल्याचं सांगत मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. शालीखाली पिस्तुलं होती. स्टीव्हन्स जागीच ठार झाला. पुढच्याच फेब्रुवारीत बीना दास या विद्यार्थिनीनं कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गव्हर्नर जॅक्सनवर पाच गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही. तिला नऊ वर्षांची सजा झाली. तिला रिव्हॉल्वर मिळवून दिलं होतं कमला दासगुप्ता या दुसऱ्या एका मुलीनं.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत नथुराम गोडसेनं गांधीजींवर चालवलेलं बेरेटा पिस्तूल इटालियन सैन्याच्या नमुन्याचं, नऊ मिलिमीटरच्या आखूड काडतुसाचं, म्हणजे साराजेव्होत चाललं तेच तीनशेऐंशी. ते ग्वाल्हेरहून मिळवलेलं होतं, हे आपल्या मध्य भारतातल्या मराठी माणसांना आजही जड जातं.

ही यादी मी मुद्दाम एका ओळीत मांडली. यांतले काही आपले हुतात्मे, काही खुनी, त्यांना एका तागडीत तोलायचा माझा इरादा नाही. मला दिसलं ते वेगळंच. घरात एकट्या असलेल्या माणसाच्या रक्षणासाठी म्हणून जे विकलं गेलं, ते इतिहासात आलं ते दुसऱ्याच कामासाठी. छोट्या पिस्तुलाचा एकच मोठा गुण, तो म्हणजे ते दिसत नाही. आणि न दिसण्याचा फायदा जो आधी ठरवून जातो त्याला होतो. ज्याच्यावर अचानक प्रसंग येतो त्याला नाही. शांती आणि सुनीतीला वेळ, जागा, माणूस सगळं ठाऊक होतं. दुपारी बेल वाजल्यावर मला यातलं काय ठाऊक असतं?

मग हे आकडे मागे का पडले? कारण एकच नाही. युरोपातले पोलीस कित्येक वर्षं बत्तीसचं पिस्तूल बाळगत. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंचं हत्याकांड झालं, आणि पश्चिम जर्मनीला वाटलं की पोलिसांच्या हातात याहून जोरदार काही हवं. पुढच्या काही वर्षांत तिथे नऊ मिलिमीटर आलं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्या पिस्तुलांना आकार-वजनाचे गुण लावले. त्यात फार लहान पिस्तुलं नापास झाली. बेबी ब्राउनिंग नावाचं पंचवीसचं नाजूक पिस्तूल तिथल्या बाजारातून असंच गेलं.

मोठ्या आकड्यांचंही तसंच. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला नऊ मिलिमीटरची गोळी लागूनही तो लढत राहिला आणि त्यानं दोन अधिकाऱ्यांना मारलं. 'गोळी लहान पडली,' असं ठरलं. त्यातून १९९० साली चाळीसचं काडतूस आलं. अमेरिकेतल्या पोलीस खात्यांनी ते धडाधड उचललं. पंचवीस वर्षांनी एफबीआयनंच मत फिरवलं, की आता नऊ मिलिमीटरची गोळीच सुधारली आहे, तिचा धक्का कमी, नेम बरा. लगेच चाळीसही ओसरलं. २००३ साली आलेलं पंचेचाळीसचं एक आखूड काडतूस तर दहा वर्षंही नीट चाललं नाही. आणि आता नऊ मिलिमीटरचीच पिस्तुलं इतकी लहान निघाली आहेत, की खिशासाठी वेगळं बारीक काडतूस लागतच नाही. पंचवीसची जागाच गेली. प्रत्येक वेळी तर्क तोच: मागच्या आकड्यानं भीती गेली नाही, तर नवा आकडा घ्या.

आपल्या देशात मात्र उलटं झालं. आपल्याकडे आकडा बाजारानं नाही, कायद्यानं ठरतो. सैन्य आणि पोलीस वापरतात ते आकडे, अडतीस, चारशेपंचावन्न, नऊ मिलिमीटर, सामान्य नागरिकाला बंद. सरकारी काडतुसं चोरून वापरता येऊ नयेत, हा इंग्रजांच्या वेळचा धाक पुढेही राहिला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारं आणायलाही सामान्य माणसाला बंदी आली. मग उरलं काय? बत्तीस. त्यातही रिव्हॉल्वरचं बत्तीस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं, एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. रिव्हॉल्वरचं हे काडतूस १८९६ चं. न्यूयॉर्कचे पोलीस कमिशनर असताना थिओडोर रूझवेल्ट यांनी बत्तीसचं रिव्हॉल्वर शिपायांना दिलं होतं. तिकडे ते आता नेमबाजीच्या हौशी लोकांपुरतं राहिलं. आपल्याकडे मात्र सरकारी कारखान्यात अजून बनतं, आणि लग्नाच्या वरातीत कमरेला लावून मिरवणारे आमच्या ग्वाल्हेर-भिंड भागात काही कमी नाहीत.

याच बत्तीसचं एक रिव्हॉल्वर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं खास बायकांसाठी म्हणून काढलं. नाव 'निर्भीक'. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या त्या मुलीला वर्तमानपत्रांनी निर्भया नाव दिलं होतं, त्यावरून. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पर्समध्ये मावणारं. किंमत सव्वा लाखाच्या जवळ. आणि ते मिळायचं मरून रंगाच्या, दागिन्यांच्या डबीसारख्या डबीत!

ती डबी वाचून मी पुस्तक मिटलं. शंभर वर्षांपूर्वी मफ होता, आता दागिन्यांची डबी. सव्वा लाख रुपये कोणत्या बाईकडे असतात? रात्री कामावरून सिटी बसनं येणाऱ्या नर्सकडे? भाजीची पाटी घेऊन पहाटे चोइथराम मंडीत जाणाऱ्या बाईकडे? त्याच काळात मी एका दुपारी वही घेऊन बसले आणि माझ्या आयुष्यात मला खरोखर भीती वाटलेले प्रसंग लिहून काढले. हे लेखासाठी नाही, लायसन्सचा अर्ज करायचा की नाही ते ठरवण्यासाठी. नऊ झाले. बसमधले दोन, रेल्वेतला एक, गर्दीतला एक. उरलेले पाच ओळखीच्या माणसांचे. लांबचे नातेवाईक, वडिलांचे मित्र, शिकवणीचे सर. त्या पाचांतल्या कुठल्या माणसावर मी पिस्तूल रोखलं असतं? मी तर कोणाला सांगूही शकले नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे कित्येक वर्षांचे आकडे हेच सांगतात. बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचाच असतो. तिथे पंचवीसही चालत नाही आणि बत्तीसही.

आता ती जाहिरातीची गोष्ट. १९७४ साल. मामंजी जेवायला बसले होते. भाऊजी तेव्हा आठ वर्षांचे. त्यांनी कपाटातून पिस्तूल काढलं. मामंजींनी गोळ्यांची मॅगझिन काढून वेगळी ठेवलेली होती, म्हणजे त्यांच्या मते पिस्तूल रिकामं. पण आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची खोड अशी, की मॅगझिन काढली तरी आधी नळीत गेलेली एक गोळी तिथेच राहते. ती दिसत नाही. भाऊजींनी चाप ओढला. गोळी कोठीघरातल्या गव्हाच्या पोत्यात शिरली. त्या पोत्यामागे अर्ध्या तासापूर्वी सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या.

भाऊजी ही गोष्ट लग्नाकार्यात हसत हसत सांगतात. सासूबाई कधी हसल्याचं मी पाहिलं नाही. त्या दिवशी रात्री त्यांनी मामंजींकडून सगळ्या गोळ्या मागून घेतल्या आणि आपल्या माहेरच्या पितळी डब्यात कुलूपबंद केल्या. मामंजींचं पिस्तूल पुढची पन्नास वर्षं बंडीत, कपाटात, लायसन्सच्या कागदावर सगळीकडे होतं, फक्त त्यात गोळी नव्हती. आणि याच काळात ते उज्जैनला गेले, दुकान चाललं, मुलं मोठी झाली. मामंजींनाही हे ठाऊक होतं आणि त्यांनी पुन्हा कधी गोळ्या मागितल्या नाहीत. हे मला सासूबाईंनी आत्ता सांगितलं, तो डबा माझ्यापुढे उघडून. सात पिवळ्या गोळ्या, काळवंडलेल्या.

दुकानदारानं पिस्तुलाची किंमत लावली होती. गोळी मिळत नसली तरी जुन्या वस्तूंचे शौकीन असतात, म्हणे. सासूबाई नाही म्हणाल्या. त्या रोज स्वाध्यायाला बसतात. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यात एक हिंसादान, म्हणजे दुसऱ्याच्या हाती शस्त्र, विष, विस्तव असं मारण्याचं साधन देणं. "अगं, आपण वापरलं नाही हे झालं आपलं," त्या म्हणाल्या, "पण विकलं तर पुढे ते कोणाच्या हातात जाईल, ते आपल्याला दिसणार आहे का?" मी वीस पिस्तुलांची ती पेटी आठवून गप्प बसले. भाऊजी वाद घालायला आले होते. आईनं त्यांच्या पुढ्यात पितळी डबा ठेवला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग स्वतःच गाडी काढून आमच्याबरोबर ठाण्यात आले.

तिथे पिस्तूल आणि सात गोळ्या जमा केल्या. वारसांना लायसन्स नको आणि हत्यारावरचा हक्कही आम्ही सोडतो, असा अर्ज दिला. हवालदारानं क्रमांक दोनदा तपासून वहीत लिहिला, पावती दिली. पावतीवर सही माझी.

दुपारी बेल वाजली की अजून मी दचकते. ते गेलेलं नाही. दाराला आता साखळी आणि बघायचं भिंग बसवलं आहे, शेजारच्या दोघी आणि मी एकमेकींना फोन करून दार उघडतो. आणि त्या वहीतल्या पाच प्रसंगांपैकी एक मी माझ्या मुलीला सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि मग तिचा एक मला सांगितला.